सील नवा, गळती जुनीच: पिकअपच्या पॉवर स्टिअरिंगचं तेल पुन्हा पुन्हा का गळतं

लक्षणं ओळखीची आहेत. गाडी रात्रभर उभी राहिली की पुढच्या चाकाच्या आतल्या अंगाला जमिनीवर डाग. टाकीतली पातळी खाली गेलेली. सकाळी पहिल्या वळणाला पंप कण्हतो. तेल टाकलं की आठवडाभर बरं चालतं, मग पुन्हा तेच. मधल्या काळात कुणीतरी स्टिअरिंग बॉक्सचा खालचा सील बदललेला असतो, कधी प्रेशर पाईपही नवा बसवलेला असतो, आणि दोन-तीन महिन्यांत डाग पुन्हा हजर.

यात दोन शक्यता असतात. पहिली, तेल जिथून ठिबकत होतं तिथला भाग बदलला गेला, पण ते निघत होतं वर कुठून तरी. दुसरी, भाग योग्यच बदलला, पण जुना सील कशामुळे गेला हे कुणी पाहिलंच नाही, म्हणून नव्याचीही तीच गत झाली. माझ्या मते दुसरी शक्यता जास्त वेळा खरी असते आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. सील ज्याच्याभोवती बसतो तो फिरणारा शाफ्ट खडबडीत असेल, त्याला आधार देणाऱ्या बुशमध्ये हलत असेल किंवा रिटर्नच्या बाजूला तेल तुंबत असेल, तर कितीही चांगल्या कंपनीचा सील घाला, तो टिकणार नाही.

पुढचं सगळं हायड्रॉलिक स्टिअरिंगबद्दल आहे: बेल्टवर फिरणारा पंप, तेलाची टाकी, बॉक्सकडे जाणारा प्रेशर पाईप, परत येणारा रिटर्न पाईप आणि चॅसिसला बोल्टने बसवलेला स्टिअरिंग बॉक्स. जुन्या पिकअपमध्ये बहुधा हीच रचना असते. बॉक्सऐवजी रॅक, म्हणजे चाकांना थेट ढकलणारा आडवा दातेरी दांडा, असलेल्या गाड्यांबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

गळतंय ते स्टिअरिंगचंच तेल आहे का?

हा प्रश्न बावळटपणाचा वाटेल, पण इथेच बरेच जण फसतात. स्टिअरिंग बॉक्स इंजिनच्या खाली, एका बाजूला असतो. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून झिरपणारं इंजिन ऑईल ओघळत थेट त्याच्यावर येतं आणि बॉक्स चिकट, काळा दिसायला लागतो. बॉक्स बिचारा कोरडा असतो.

ठिबकणारा थेंब पांढऱ्या कागदावर घ्या. लाल किंवा गुलाबी रंग असेल तर ते एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठीचं तेल आहे. जुन्या पिकअपच्या स्टिअरिंगमध्ये डेक्सरॉन जातीचं एटीएफ सर्रास वापरलेलं असतं. पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर तिथेही तेच लाल तेल असतं, शिवाय रेडिएटरकडे जाणारे त्याचे कूलर पाईपही याच भागातून जातात. तेव्हा नुसत्या रंगावर निकाल देऊ नका. काही गाड्यांत फिकट पिवळं स्टिअरिंग तेल असतं आणि वर्षानुवर्षं न बदललेलं कुठलंही तेल शेवटी तपकिरीच होतं.

पातळ, पाण्यासारखं पण निसरडं काही हाताला लागलं तर त्याचा एक थेंब पाण्यात टाका. तेल वर तरंगतं. ब्रेक ऑईल पाण्यात मिसळून जातं. ते मिसळलं तर स्टिअरिंग विसरा, गाडी जागेवरच ठेवा आणि आधी ब्रेक किंवा क्लच तपासा.

टाकीवर पातळीच्या रेषेला चिकटपट्टी लावा आणि तारीख लिहा. पातळी दर वेळी एकाच स्थितीत पाहायची: सपाट जागा, इंजिन थंड, चाकं सरळ. गरम तेल फुगतं, त्यामुळे एकदा थंड आणि एकदा गरम असताना पाहिलेल्या पातळीची तुलना करण्यात अर्थ नाही.

मग थोडा हिशेब करा. तेलाचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर. रात्रीत १० थेंब पडले तर अर्धा मिलिलिटर, महिन्याला १५. जमिनीवरचा डाग भयंकर दिसेल, पण टाकीतली पातळी जेमतेम हलेल. उलट, आठवड्याला १०० मिलिलिटर तेल कमी होतंय आणि खाली चार थेंबच दिसतायत, तर बाकीचं तेल गाडी चालताना, दाबाखाली, कुठेतरी उडतंय. ही विसंगतीच सांगते की उभ्या गाडीखाली वाकून बघण्यात वेळ घालवू नका, दाब असताना बघा.

धुवा, वाळवा आणि मगच शोधा

मळलेल्या गाडीवर गळती शोधता येत नाही. धावताना वारा तेल मागे ढकलतो, पंखा ते पसरवतो, बेल्ट ते गोल फेकतो. सगळ्यात ओला भाग आणि गळका भाग यांचा संबंध असेलच असं नाही. तेल खाली आणि मागे जातं, म्हणून शोध वर आणि पुढे घ्यायचा.

इंजिन पूर्ण थंड असताना पंप, पाईप, बॉक्स आणि आजूबाजूचा चॅसिस डिग्रीझरने धुवा. अल्टरनेटर आणि वायरिंगचे जोड प्लॅस्टिकने झाका. बेल्टवर डिग्रीझर राहू देऊ नका. नंतर कापडाने आणि हवेने नीट वाळवा. कोरड्या भागांवर टाल्कम पावडरचा पातळ थर भुरभुरवला तर पहिली ओल कुठून फुटते ते स्पष्ट दिसतं. इंजिन इतर ठिकाणीही गळत असेल तर स्टिअरिंगच्या तेलात मिसळायचा रंग मिळतो, जो अतिनील टॉर्चखाली हिरवट पिवळा चमकतो. थोडंफार चालवून अंधारात पाहिलं की इतर तेलं बाजूला पडतात.

शोध तीन पायऱ्यांत घ्या. आधी इंजिन बंद, गाडीखाली रात्रभर पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यावर बंपर व चाकांच्या जागेच्या खुणा. दाब नसताना जे ठिबकतं ते फक्त वजनाने खाली आलेलं असतं: टाकीचे जोड, रिटर्न पाईप, पंपाची मोठी ओ-रिंग, बॉक्सचा तळाचा सील. मग इंजिन आयडलवर ठेवून दहा-पंधरा मिनिटं निरीक्षण. तिसऱ्या पायरीत एकाने गाडीत बसून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं आणि दुसऱ्याने टॉर्च आणि लांब दांड्याचा आरसा घेऊन बघायचं. चाकं शेवटपर्यंत वळवून धरली की दाब चढून जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो. त्या स्थितीत पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, तेल झपाट्याने तापतं आणि पंपाचं नुकसान होतं.

या तिसऱ्या पायरीबद्दल जरा कडक शब्दांत. चाकं शेवटपर्यंत वळवलेली असताना पाईपमधला दाब ७० ते १०० बारपर्यंत जातो. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघालेली तेलाची धार डोळ्यांना दिसत नाही, पण कातडीतून आत शिरते. जखम टोचल्याएवढी दिसते आणि आतल्या आत हात सडू शकतो. ती शस्त्रक्रियेची तातडीची वेळ असते. म्हणून चालू इंजिनवर पाईपवरून हात फिरवून ओल चाचपायची नाही. पुठ्ठ्याचा तुकडा पाईपजवळून फिरवा, चष्मा घाला. बाही, ओढणी, फडकं बेल्टजवळ नको. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच नाही. स्टँड, मागच्या चाकांना अडसर, हँडब्रेक, हे तिन्ही हवेत.

तेल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर उडत असेल तर दुरुस्तीपर्यंत गाडी चालवू नका. तापलेल्या मॅनिफोल्डवर हे तेल पेटू शकतं.

आणखी एक गोष्ट. काही जड पिकअपमध्ये, विशेषतः डिझेलवाल्यांमध्ये, ब्रेकला मिळणारी मदतही याच पंपाच्या तेलावर चालते. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमागे व्हॅक्यूमच्या गोल डब्याऐवजी पाईप जोडलेलं धातूचं युनिट दिसलं तर तुमची गाडी त्यातली. मग ही गळती नुसती स्टिअरिंगची राहत नाही, ब्रेकचं पेडलही दगडासारखं घट्ट होऊ शकतं. अशा गाडीत कुठलाही पाईप उघडण्याआधी इंजिन बंद करून ब्रेक अनेक वेळा दाबा, म्हणजे साठवलेला दाब उतरेल.

वरून खाली येताना

टाकीचं टोपण आधी बघा. टोपणाभोवती ओल असेल तर बहुधा तेल जास्त भरलंय, किंवा तेलात हवा जाऊन फेस होतोय आणि तो वर येऊन सांडतोय. फेस कुठून आला? बहुतेकदा पंपाकडे तेल ओढणाऱ्या बाजूच्या कडक झालेल्या पाईपमधून किंवा सैल क्लिपमधून. हा जोड मोठा लबाड असतो: इंजिन चालू असताना तिथून हवा आत ओढली जाते, त्यामुळे तो कोरडा दिसतो, आणि इंजिन बंद केल्यावर हळूच ठिबकतो. पंपाचा कण्हण्याचा आवाज आणि दुधाळ तेल एकत्र दिसलं की नवा पंप मागवण्याआधी हा दोन वीत पाईप बदला.

रिटर्न पाईप कमी दाबाचा असतो, साध्या क्लिपने बसतो. टोकाला भेगा, बोटांनी दाबल्यावर लाकडासारखा कडकपणा किंवा उलट लिबलिबीत फुगीरपणा दिसला तर बदला. क्लिप अजून आवळणं हा उपाय नाही, कडक रबर त्याने चिरतंच. बदली पाईप स्टिअरिंगच्या तेलासाठीचाच घ्या. हीटरचा पाईप मापाला बरोबर बसतो म्हणून लावला जातो, पण त्याचं रबर पाण्यासाठीचं असतं. तेलात ते फुगतं, मऊ पडतं आणि थोड्याच दिवसांत निसटतं. वारंवार गळणाऱ्या रिटर्न पाईपचं हे एक नेहमीचं कारण आहे.

प्रेशर पाईप रबर आणि धातूच्या नळीच्या जोडावर, म्हणजे दाबून बसवलेल्या फेरूलपाशी, घाम आल्यासारखा ओला होतो. तिथे काही करता येत नाही. चांगला हायड्रॉलिक पाईप बनवणारा नवीन रबर नव्या फेरूलसह दाबून देऊ शकतो, नाहीतर अख्खा पाईप नवा. फेरूलवर क्लिप लावून भागेल असं वाटत असेल तर वरचा दाबाचा आकडा पुन्हा वाचा.

पाईपच्या टोकांचे जोड मात्र अनेकदा वाचवता येतात, फक्त जोड कुठल्या प्रकारचा आहे ते ओळखा. काही ठिकाणी नळीचं टोक पसरवून नटाने दाबलेलं असतं, काही ठिकाणी ओ-रिंग असते, काही ठिकाणी छिद्राचा बोल्ट आणि दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर. एकाच मॉडेलच्या दोन वेगळ्या सालांच्या गाड्यांत हे वेगळं निघू शकतं, आणि एकाचा नट दुसऱ्यात दोन-तीन आटे जातोसुद्धा. तो तसा आवळला की आटे जातात आणि गळती कायमची होते. ओ-रिंगचा जोड पान्याच्या जोराने घट्ट होत नाही, ओ-रिंग बदलल्यानेच होतो. तांब्याचे वॉशर दर वेळी नवे. आणि आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका: या जोडांमध्ये तेल आटे अडवत नाहीत, आणि टेपचा तुटलेला धागा बॉक्सच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसला तर नवंच दुखणं. उघडताना नळीच्या नटासाठीचा खाचेचा पाना वापरा. साध्या पान्याने जुन्या नटाचे कोपरे गोल होतात.

पंपाच्या शाफ्टचा सील पुलीच्या मागे लपलेला असतो. पुलीच्या मागच्या बाजूला ओल, आणि पुलीच्या रेषेत बॉनेटच्या आतल्या अंगाला, बॅटरीच्या बाजूला तेलाच्या शिंतोड्यांची रांग, ही त्याची सही. बेल्टवर तेल गेल्याने तो किंचाळतोही. पुली बहुधा दाबून बसवलेली असते. ती काढायला आणि बसवायला तिची वेगळी साधनं लागतात. हातोडीने ठोकून बसवली की आतले भाग दुखावतात आणि पंप काही दिवसांतच आवाज करायला लागतो. ज्या पंपावर पत्र्याचा डबाच टाकी म्हणून चढवलेला असतो, त्यात डबा आणि पंप यांच्यामधली मोठी ओ-रिंग आणि मागच्या बोल्टांच्या छोट्या ओ-रिंगा झिरपतात. त्यांचा संच एकत्र बदला, एक काढून एक ठेवू नका.

आता बॉक्स. वरच्या टोकाला, जिथे स्टिअरिंगचा दांडा आत जातो, तिथला सील गळाला तर तेल जोडणीच्या रबरी चकतीवर येतं. चकती तेलाने मऊ होते, तेव्हा सीलबरोबर तिचीही तपासणी करा. दांडा सोडवण्याआधी जोडणीवर खूण करा. एअरबॅग असलेल्या गाडीत स्टिअरिंग चाक बांधून ठेवा, ते मोकळं फिरलं तर आतली गुंडाळलेली वायर तुटते.

बॉक्सच्या बाजूच्या झाकणाला पॅकिंग किंवा ओ-रिंग असते आणि झाकणाच्या मधोमध चेकनटसह एक स्क्रू. त्या स्क्रूच्या आट्यांमधून तेल झिरपताना दिसलं तर नटाखालचा सील गेलाय. हा स्क्रू प्ले, म्हणजे स्टिअरिंगमधला ढिलेपणा, काढण्यासाठी फिरवायचा मोह सगळ्यांना होतो. प्ले बहुतेक वेळा बॉल जॉइंट आणि टाय रॉडमध्ये असतो. स्क्रू जास्त आवळला तर वळणानंतर चाकं आपोआप सरळ होत नाहीत आणि आतले दाते खराब होतात. सील बदलताना स्क्रूची मूळ जागा मोजून ठेवा आणि तिथेच परत आणा.

तळाचा सील: सगळ्यात जास्त बदलला जाणारा, सगळ्यात घाईत बसवला जाणारा

बॉक्समधून खाली येणारा जाड शाफ्ट, त्याला पिटमन आर्म, म्हणजे चाकांच्या दांड्यांना ढकलणारा हात, आणि दोघांच्या मधे सील. पाणी, चिखल, दगड सगळं इथेच उडतं. सील बदलायचं काम फार अवघड नाही, पण प्रत्येक टप्प्यावर एकेक चूक तयारच असते.

आर्म आणि शाफ्टवर एका रेषेत खूण करा. मोठा नट काढा. आर्म पिटमन आर्मच्या पुलरनेच ओढा. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारलात तर तो धक्का आतल्या बॉल आणि दात्यांपर्यंत जातो. गॅसने आर्म लाल केलात तर सील तर जळेलच, आर्मच्या पोलादाचंही काही खरं नाही. आर्म निघाला की धूळ अडवणारं रबर, सर्क्लिप, वॉशर आणि सील असा क्रम दिसेल. काही बॉक्समध्ये एकामागे एक दोन सील असतात, मधे वॉशर. सीलचा कोणता ओठ, म्हणजे शाफ्टला टेकणारी कड, कोणत्या बाजूला आहे याचा फोटो काढा. जुने सील उपसताना स्क्रूड्रायव्हरचं टोक शाफ्टला लागू देऊ नका. तिथे पडलेला एक ओरखडा म्हणजे पुढच्या गळतीची सोय.

आता इथे थांबा आणि शाफ्ट बघा. फडक्याने पुसून नखाने चाचपा. जिथे सीलचा ओठ टेकतो तिथे गंजाचे खड्डे किंवा गोल खाच आहे का? ज्या गाड्यांना तिसरा-चौथा सील लागलाय, त्यात इथेच उत्तर सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. वरवरचा गंज अतिशय बारीक पॉलिश पेपरला तेल लावून, शाफ्टच्या गोलाईने फिरवून काढता येतो. लांबीच्या दिशेने घासू नका, त्या रेघांवरून तेल बाहेर येतं. नख अडकेल इतका खड्डा असेल तर पॉलिशने काही होणार नाही. तिथे शाफ्टवर बसणारी पातळ दुरुस्तीची स्लीव्ह मिळत असेल तर ती चढवा, किंवा जागा असल्यास सील किंचित कमी खोल बसवा, म्हणजे ओठ न झिजलेल्या भागावर टेकेल. नाहीतर शाफ्टच बदलायचा.

दुसरी तपासणी त्याहून महत्त्वाची. आर्म पुन्हा हाताने शाफ्टवर अडकवा आणि आडवा हलवा. शाफ्ट बॉक्समध्ये बाजूला हलताना जाणवला तर आतला बुश किंवा बेअरिंग झिजलंय. सील थोडीफार हालचाल सहन करतो, पण प्रत्येक खड्ड्यात शाफ्ट एका बाजूला दाबला गेला की दुसऱ्या बाजूला फट पडते. अशा बॉक्सला नवा सील म्हणजे काही आठवड्यांची मुदत. गाडीला मापापेक्षा मोठे टायर असतील तर हा झिजण्याचा वेग वाढतो. त्याच वेळी बॉक्सचे बोल्ट आणि भोवतीचा चॅसिसही टॉर्चने पाहा. जुन्या पिकअपमध्ये तिथे तडे जातात, आणि तडा असेल तर गळती ही तुमची सगळ्यात लहान अडचण आहे.

बसवताना शाफ्टच्या खाचांवर चिकटपट्टी गुंडाळा, सीलच्या ओठाला तेच तेल किंवा थोडं ग्रीस लावा आणि योग्य व्यासाच्या सॉकेटने सील सरळ, सगळीकडून सारखा आत सरकवा. तिरका गेला तर काढून टाका, पुन्हा तोच वापरू नका. आर्मचा नट त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच आवळा. बऱ्याच गाड्यांत तो १५० न्यूटन-मीटरच्या वर असतो, तेव्हा अंदाजाने ओढू नका. हा नट सुटला तर गाडी वळत नाही.

सगळं बरोबर बसवलं, तरी परत गळतंय

इथून पुढे सीलकडे बघणं थांबवा.

वेगवेगळ्या जागा पाळीपाळीने गळत असतील, म्हणजे आधी पंप, मग बॉक्सचा वरचा सील, मग खालचा, तर पहिला संशय तेलावर. कुणीतरी कधीतरी टाकीत ब्रेक ऑईल ओतलेलं असू शकतं. स्टिअरिंगचे सील ज्या रबराचे असतात ते ब्रेक ऑईलने फुगतं आणि मऊ पडतं. तसं झालं असेल तर एकेक सील बदलत बसण्यात अर्थ नाही. सगळी यंत्रणा धुऊन सगळेच रबरी भाग बदलावे लागतात.

बॉक्सचा वरचा सीलच वारंवार जात असेल तर रिटर्न तपासा. हा सील कमी दाबाच्या बाजूला असतो, त्याला मोठा दाब सहन करायची सवयच नसते. रिटर्न पाईप कुठे मुडपलाय, त्याचं आतलं अस्तर सुटून झडपेसारखं अडतंय, कूलरची नळी चेपलीय, किंवा टाकीच्या तळातली जाळी गाळाने भरलीय, यांपैकी काहीही असलं की तेल परत जायला वाट राहत नाही आणि सगळ्यात नाजूक सीलमधून ते बाहेर पडतं. टाकी रिकामी करून जाळी धुणं हे स्वस्तातलं काम आधी करा. बाहेरून धडधाकट दिसणारा जुना रिटर्न पाईप आतून बंद असू शकतो.

पंपाचाच सील जात असेल तर बेल्टचा ताण बघा. किंचाळतो म्हणून बेल्ट तारेसारखा ताणला की पंपाचा बुश एका बाजूने झिजतो, शाफ्ट डोलतो आणि सील हरतो. पुली हाताने वर-खाली हलवून पाहा. हलली तर सील नको, पंप हवा.

प्रेशर पाईप पुन्हा पुन्हा फुटत असेल तर इंजिनचे माउंटिंग तपासा. पाईपचं एक टोक इंजिनवरच्या पंपाला आणि दुसरं चॅसिसवरच्या बॉक्सला असतं. माउंटिंग गेलं की प्रत्येक गिअर बदलताना इंजिन पाईपला हिसका देतं. बसवताना पाईपला पीळ पडला असेल किंवा तो कशाला घासत असेल, तरी तेच. जुना पाईप फेकण्याआधी तो कुठे घासला आहे ते बघून घ्या, तो स्वतःच सांगतो.

तेल काळं आणि जळका वास येणारं असेल तर ते तापतंय. साधं नायट्रिल रबर १०० ते १२० अंश सेल्सिअसच्या पुढे फार काळ लवचीक राहत नाही. ते कडक होतं आणि ओठ शाफ्टला सोडतो. ओझं ओढणाऱ्या किंवा खडबडीत रस्त्यावर सतत वळणाऱ्या गाडीला रिटर्न लाईनमध्ये छोटा कूलर उपयोगी पडतो. तेलात चांदीसारखी चमक दिसली तर पंप धातू सोडतोय. ते कण सीलच्या ओठाखाली जाऊन शाफ्ट घासतात. पंप बदलून, पाईप धुऊनच पुढचं काम करा.

गळती थांबवणाऱ्या बाटल्यांबद्दल विचारलं जातंच. त्यातली द्रव्यं रबर फुगवतात आणि मऊ करतात. कडक झालेला, पण न फाटलेला सील त्याने काही काळ बंद होतो. फुटलेला पाईप, खड्डे पडलेला शाफ्ट, झिजलेला बुश यांवर त्याचा काडीचा उपयोग नाही. गाडी लवकरच उघडायची आहे आणि तोवर ढकलायचं आहे, एवढ्यापुरती ठीक. नवीन सील बसवल्यावर ती ओतणं मात्र चुकीचं. चांगलं रबर विनाकारण मऊ होतं.

हवा काढणं

दुरुस्तीनंतर आत राहिलेली हवा पंपाला आवाज आणते आणि तेलाचा फेस करून टोपणातून सांडते. मग गळती गेलीच नाही असं वाटतं. पुढची चाकं स्टँडवर उचला. इंजिन बंद ठेवून टाकी भरा आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश १५-२० वेळा फिरवा, मधे मधे पातळी भरत राहा. बुडबुडे येणं थांबलं की इंजिन सुरू करून तेच आयडलवर करा, टोकाला धरून न ठेवता. तेल दुधाळ झालं तर इंजिन बंद करून तासभर बसू द्या. इंजिन सुरू करण्याची घाई केली की तीच हवा तेलात घुसळली जाते आणि मग ती निघता निघत नाही.

तेल पूर्ण बदलायचं असेल तर रिटर्न पाईप टाकीपासून काढून बाटलीत सोडा, टाकीवरचं रिटर्नचं तोंड बुचाने बंद करा आणि इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग फिरवत वरून नवं तेल घालत राहा, बाटलीत स्वच्छ तेल येईपर्यंत. कोणतं तेल घालायचं ते टोपणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं; तेच घाला.

रॅक असेल तर

रॅकच्या दोन्ही टोकांना घडीचे रबरी बूट असतात. गळणारं तेल त्यांच्यात साठतं, म्हणून पातळी कमी होत राहते आणि जमीन कोरडी दिसते. बूट खालून दाबा; आत तेल डुचमळलं किंवा क्लिप सैल करताच ओघळलं तर रॅकच्या टोकाचा सील गेलाय. एका बाजूच्या बुटात तेल दिसलं म्हणजे त्याच बाजूचा सील गेलाय असं धरू नका, बऱ्याच रॅकमध्ये दोन्ही बूट हवेच्या नळीने जोडलेले असतात. हे काम उघड्यावर, गाडीखाली झोपून करण्यासारखं नाही. रॅक काढून चांगल्या कारागिराकडे द्या किंवा दुरुस्त केलेला बसवा, आणि बसवल्यावर चाकांचं अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर टायर एका बाजूने खाल्ले जातील.

बॉक्स की सील, हे कसं ठरवायचं

शाफ्ट गुळगुळीत आणि बुश घट्ट असेल तर सील संच बदला. शाफ्टला खड्डे असून बुशही सैल असेल, किंवा चाकं सरळ असताना स्टिअरिंग मधेच अडखळत असेल, तर दुरुस्त केलेला किंवा नवा बॉक्स घ्या. तो बसवण्याआधी जुनं तेल, पाईप आणि कूलर धुवायलाच हवं. जुन्या गाळावर नवा बॉक्स बसवला तर व्हॉल्व्ह लवकर खराब होतो. बॉक्स मधोमध आणून, म्हणजे एका टोकापासून एकूण फेरे मोजून त्याच्या निम्म्यावर ठेवून मगच आर्म आणि दांडा जोडा. नाहीतर गाडी एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी वळेल.

काम झाल्यावर पुन्हा एकदा सगळं धुऊन वाळवा, पावडर भुरभुरवा, चिकटपट्टीवर नवी रेषा आणि तारीख टाका. दोन-तीनशे किलोमीटरनंतर बॉक्सचे बोल्ट, आर्मचा नट आणि पाईपचे जोड तपासा, आणि पातळी थंड इंजिनवरच बघा.